राहू दे, मी घेते

"काय शैलाताई, यंदाही पात्रता फेरीतच का?"

आमच्या कसब्यातले दामलेकाका हा प्रश्न मला दर खेपेला विचारायचे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पेपर शेवटच्या पानापासून वाचणार. त्या पानाच्या कोपऱ्यात एक ओळ असायची : मुलींचा राष्ट्रीय युवा संघ पात्रता फेरीत बाद. मी दुधाची पिशवी घेऊन परत येईपर्यंत काका ती ओळ वाचून दारात उभे. वर, "नाही, आम्हाला आता सवय झालीय म्हणा," असंही म्हणायचे. सहानुभूती दाखवायची ही आमच्याकडची पद्धत आहे. बाहेरच्या माणसाला तो अपमान वाटतो, आणि खरं सांगायचं तर तो असतोच.

दिवाळी अंकासाठी 'त्या संघाच्या कामगिरीवर लिहा' असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. कामगिरी त्या एका ओळीत मावते, ती वर दिलीच आहे. पण एक खेप वेगळी झाली. त्या खेपेबद्दल लिहिते आणि बाकीच्या सोडून देते. माझ्या पदरी कुठली पदकं नाहीत, त्यामुळे ती कुठे ठेवली वगैरे सांगण्यात तुमचा वेळ जाणार नाही.

मी त्या संघाच्या गोलकीपरना शिकवत असे. आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय आणि त्यांच्या मागोमाग मीही. लोकांना वाटतं, गोलकीपरचं काम म्हणजे चेंडू अडवणं. ते निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तोंडाचं असतं. विचार करा, प्रतिस्पर्ध्यांनी कडेवरून चेंडू उंच उडवलाय. आमची बचावपटू मान वर करून त्याच्याकडे बघत मागे मागे पळतेय. पाठीमागून आपली कीपर येतेय की नाही, हे तिला दिसत नाही. दोघी एकाच चेंडूवर गेल्या तर डोक्यावर डोकं आपटतं, आणि 'तू घेशील' म्हणून दोघी थांबल्या तर गोल. अख्खं मैदान फक्त कीपरला दिसत असतं. म्हणून तिनं ओरडून सांगायचं : माझा. तेही वेळेत. अर्धा श्वास उशीर झाला तर त्या ओरडण्याचा उपयोग फक्त प्रेक्षकांना.

आणि आमच्याकडे मुली यायच्या कशा? जन्मभर 'हळू बोल गं, लोक बघतायत' ऐकून आलेल्या. उड्या मारतील, अंगावर चेंडू घेतील, कोपरं सोलून घेतील, पण तोंड उघड म्हटलं की खाली मान. चेंडू अडवायला शिकवणारे देशात खूप आहेत. मी मुख्यतः ओरडायला शिकवत होते. पासपोर्टच्या अर्जात तेवढं लिहिता आलं नाही.

माझा स्वतःचा आवाज मला आळीनं दिला. मी तांबट आळीतली. घराखालीच आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तांब्याच्या भांड्यांचं दुकान आणि कारखाना. भांडं तयार झालं की त्याला हातोडीनं शेजारी शेजारी ठोके देतात, त्यानं ते घट्ट होतं आणि चमकतं. याला मठारणं म्हणतात. चार माणसं मठारायला बसली की आई जेवायला हाक मारायची ती थेट पोटातून. आम्ही भावंडं भांडायचो तेही पोटातून. शाळेत बाई म्हणायच्या, "शैला, मी बहिरी नाहीये." मी म्हणायचे, "सवय आहे बाई." एकदा त्यावरून वर्गाबाहेर उभी राहिलेय.

आप्पा मात्र खरोखरच बहिरे होत गेले. एवढी वर्षं मठारून डावा कान पूर्ण गेला, उजव्यात थोडंसं शिल्लक आहे. कानाचं यंत्र आणून दिलं तर ते सदऱ्याच्या खिशात ठेवतात. "लावा ना आप्पा," म्हटलं तर म्हणतात, "कशाला? ऐकण्यासारखं कोण बोलतंय?"

पुण्यात शिबिर असलं की मी माझ्या कीपर मुलींना रिक्षात कोंबून या कारखान्यात आणायचे. ती माझी परीक्षा होती. आत ठोके चालू. आप्पा दाराकडे पाठ करून बसलेले. मुलीनं उंबऱ्याशी उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "आप्पा, पाणी दे!" आप्पांना ऐकू गेलं तर ते वळायचे आणि आपल्या तांब्यातून तिला पाणी द्यायचे. नाही ऐकू गेलं तर पाणी नाही. 'द्या' म्हणावं हे मी शिकवलं होतं, पण ओरडताना सगळ्याच 'दे' म्हणायच्या, आणि आप्पांनी कधी मनावर घेतलं नाही. पंजाबची एक उंच मुलगी पहिल्याच हाकेला पास झाली. आप्पा दचकून हातोडी बोटावर मारून बसले.

रेमी कधीच पास झाली नाही.

रेमी मिझोरमची. अंगानं लहानखुरी. आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी, ते गोव्याचे, आम्ही त्यांना सर म्हणायचो, तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, "ही कीपर आहे की कीपरची धाकटी बहीण?" मग चेंडू उंच उडवायला सुरुवात केली आणि सरांनी तो प्रश्न परत विचारला नाही. चेंडू कुठे पडणार हे त्या मुलीला सगळ्यांच्या आधी कळायचं. गर्दीत घुसून ती तो अलगद काढून घ्यायची. असे हात मी माझ्या उभ्या आयुष्यात दोन-चार मुलींचे पाहिले असतील. पण आवाज? कारखान्याच्या दारात ती उभी राहायची, ओठ हलताना दिसायचे, बस्स. आप्पांची पाठ काही हलायची नाही. अशा कितीतरी खेपा झाल्या. एकदा जेवताना आप्पा मला म्हणाले, "त्या बारक्या पोरीला तहान लागत नाही का गं कधी?"

रेमीला मराठी कळत नव्हती, पण आप्पांनी दुसऱ्या मुलींना पाणी दिलेलं दिसत होतंच. परतीच्या रिक्षात ती खिडकीबाहेर बघत बसायची. मला फार वाईट वाटायचं, आणि मी तिला तसं कधी दाखवलं नाही.

या संघांचं एक क्रूर गणित असतं. वय. ठरावीक वयाच्या पुढे गेलात की संपलं, कितीही चांगल्या असा. मनगटाची तपासणी करतात, हाडांवरून वयाचा अंदाज घेतात. मागे एका गुणी मुलीला त्या तपासणीवरून मी स्वतः स्टेशनवर सोडून आलेय. गाडी सुटेपर्यंत ती मला म्हणत होती, ताई, आईनं सांगितलं तेच वय मी लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. ते स्टेशन अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

रेमीचीही ही शेवटची खेप होती. पुढच्या वर्षी ती या संघात बसणार नव्हती. आणि सरांनी मला स्पष्ट सांगितलं, "शैला, मुकी कीपर मला परवडत नाही. पात्रतेचे सामने तिला देतो. पण हिच्या न ओरडण्यानं एक जरी गोल झाला, तरी पंजाबची मुलगी आत आणि ही बाहेर." सर वाईट नव्हते. त्यांची नोकरीही त्या एका ओळीला टांगलेली होती.

आता शब्दांची भानगड सांगते. आमच्या मुली दहा ठिकाणच्या. मैदानावर त्या हिंदीतून ओरडायच्या, 'छोड', 'मेरा', असं. एकदा शेजारच्या देशात खेळायला गेलो. देशाचं नाव सांगत नाही, शेजाऱ्यांशी उगाच कशाला बिघडवा. त्यांना हिंदी आपल्याइतकीच येते. ऐन वेळी त्यांचीच एक मुलगी मागून ओरडली, "छोड!" आमच्या बचावफळीतल्या पूनमला वाटलं कीपर बोलली. तिनं चेंडू सोडला. गोल. असं फसवून ओरडणं नियमात बसत नाही, पण पंचांना ऐकू जायला हवं ना. पेपरात नेहमीची ओळ आली आणि काका दारात.

मी मनाशी म्हटलं, आता हाका मराठीत. शेजाऱ्यांना हिंदी येते, मराठी थोडीच येतेय? मोठ्या हुशारीत होते. हडपसरला एका क्लबच्या मुलांबरोबर सरावाचा सामना ठेवला. पूनम आमची मुख्य बचावपटू, हरयाणाची, धिप्पाड आणि आज्ञाधारक. एक मुलगा चेंडू घेऊन तिच्या अंगावर आला. तिनं उतावळेपणानं पुढे जाऊ नये म्हणून मी कडेवरून ओरडले, "थांब!"

पूनमनं त्या मुलाला धरला. नुसता नाही, शर्टाची मूठ भरून धरला. शर्ट टरकन फाटला.

"आरं, काय पोरगी हाय का काय!" तो मुलगा शर्टाकडे बघत राहिला.

मी धावत गेले. "पूनम, अगं हे काय?"

"ताई, आपने ही तो बोला, थाम!"

हिंदीत थाम म्हणजे धर, पकड. आमच्यात थांब म्हणजे थांब. ती चेंडूऐवजी माणूस थामून बसली. सर कपाळाला हात लावून बाकावर बसले. त्या दिवसापासून 'थांब' शब्दावर बंदी आली. 'काढ' मात्र लगेच जमला. पूनम म्हणाली, "काढ? यो तो म्हारा ही शब्द सै." चला, चेंडू लांब मारायचा असेल तेव्हाची सोय झाली. पण कीपरनं 'मी घेतेय, तुम्ही सोडा' हे सांगायला शब्द सापडेना. मणिपूरच्या मुलींनी एक सुचवला, तो केरळच्या मुलींना म्हणता येईना. केरळचा शब्द पूनमला म्हणता येईना. शब्द निवडायला बैठक बसवली आणि ती भांडणावर उठली.

शब्द सापडला तो जेवणाच्या टेबलावर. माझे गुडघे दुखायचे म्हणून रेमी रोज माझं ताट उचलायला यायची. मी रोज सवयीनं म्हणायचे, "राहू दे, मी घेते." तशी आपल्याकडची रीतच आहे. पाहुणा ताट उचलायला लागला की यजमान म्हणणार, राहू दे. मग पाहुणा खरोखरच राहू देतो की नाही, यावरून त्याची परीक्षा होते. मी दिवसभर तेच म्हणत असायचे. कुणी चेंडूंची जाळी उचलली, राहू दे. कुणी माझी पिशवी धरली, राहू दे. त्या दिवशी रेमीचा हात ताटाला लागला, मी म्हटलं, "राहू दे!" आणि तिचा हात आपोआप मागे आला.

समोर बसलेली पूनम घास तोंडात तसाच ठेवून बघत होती. "ताई," ती म्हणाली, "यही शब्द. यह सुनके हम सब अपने आप छोड़ देते हैं."

मी हसले, पण नंतर विचार केला. राहू दे, मी घेते. गोलकीपरला याच्याहून वेगळं काय म्हणायचं असतं? शिबिरभर नकळत मीच त्या सगळ्यांना हा शब्द ऐकवून ऐकवून तयार केलं होतं.

रेमीच्या तोंडी त्याचं 'राऊ दे' झालं. आवाज वाढला म्हणायला वाढला. रिकाम्या मैदानावर पूनमला ऐकू जायचा. पूनमनं कान त्या आवाजाला लावून घेतला होता. तरी मी स्पर्धेच्या आधी रेमीला एकदा कारखान्यात घेऊन गेले. आप्पांची पाठ हललीच नाही.

पात्रता फेरी पुण्यातच होती, बालेवाडीला. दामलेकाका आळीतली आणि पेठेतली मंडळी गोळा करून आले. "सवय मोडते का बघायला आलोय," म्हणाले. आप्पाही आले. फाटकावर रखवालदारानं त्यांचा पाण्याचा तांब्या अडवला. "आजोबा, बाटली आत न्यायची नाही." आप्पा म्हणाले, "डोळे तपासून घ्या. ही बाटली आहे का?" मागे रांग खोळंबली. तांब्या आत गेला.

पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसरा आम्ही जिंकलो, आणि तोही राहू देच्या जोरावर. रेमी पुढे येई, राऊ दे म्हणे, पूनम बाजूला होई, चेंडू रेमीच्या हातात. मी मैदानाकडेच्या डगआउटमध्ये खुर्चीच्या कडेवर बसून होते. पण मी एक गोष्ट विसरले. हा शब्द शेजाऱ्यांना कळणार नव्हता, मान्य. पुणेकरांना कळत होता.

दुसऱ्या सामन्यानंतर काका मला गाठून म्हणाले, "अहो, ती मिझोरमची मुलगी चक्क मराठी बोलते हो! 'राहू दे' म्हणते!" डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती. पण मीही माणूसच, हुरळले. काकांनी ते मोबाइलवर साऱ्या शहराला कळवलं.

तिसरा सामना त्याच शेजाऱ्यांशी. त्यांना बरोबरी पुरत होती, आम्हाला जिंकायलाच हवं होतं. जिंकलो तर आशियाच्या मुख्य फेरीत, नाही तर कोपऱ्यातली ओळ. मैदान गच्च भरलं होतं. मुलींच्या सामन्याला एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. आणि सामना सुरू होतो न होतो तोच सगळा स्टँड एका सुरात ओरडायला लागला.

"राहू दे! राहू दे!"

चेंडू कुणाकडेही असो. राहू दे! पंचांनी शिट्टी मारली, राहू दे!  पूनम वळून वळून बघायला लागली. खरं कोण बोलतंय तेच तिला कळेना. आणि व्हायचं तेच झालं. कडेवरून चेंडू आला. तो रेमीचा नव्हता, लांब होता. ती ओरडली, "काढ!" मी तिचे ओठ पाहिले. पण त्याच क्षणी हजार तोंडांतून आलं, "राहू दे!" पूनमनं आज्ञाधारकपणे चेंडू सोडला. मागून त्यांच्या मुलीनं डोकं लावलं. गोल.

अख्ख्या पुण्यानं प्रेमानं गोल करवला. माझं डोकं असं फिरलं होतं की बाटल्यांचा खोका मी लाथेनं उडवला.

मध्यंतरात सर म्हणाले, "शैला, आपलं ठरलं होतं. पंजाबची मुलगी गरम होऊ दे."

"सर, ती ओरडली. मी पाहिलं."

"पाहिलंस. ऐकलंस का?"

 रेमी कोपऱ्यात हातमोजे घट्ट करत बसली होती. मराठी न येताही तिला सगळं कळत होतं. मी म्हटलं, शब्द बदलू या, दुसरा कुठलाही घेऊ. तेव्हा ती पहिल्यांदा मान वर करून बोलली, "शब्द मत बदलो, ताई. लोगों को बदलो." पूनमनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, मुझे इसका राऊ दे चाहिए. और किसी का नहीं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "पहिली दहा-पंधरा मिनिटं. तेवढीच."

मी बाहेर आले आणि स्टँडच्या कठड्याखाली उभी राहिले. ध्वनिक्षेपक वगैरे काही नाही, आळीतला आवाज.

"अहो दामलेकाका!"

सगळा स्टँड माझ्याकडे बघायला लागला.

"तो आमचा इशारा आहे! कीपरचा! तुम्ही ओरडलात म्हणून मुलींनी चेंडू सोडला! तो गोल तुमचा आहे!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, जरा जास्तच झालं. "मग आम्ही काय करायचं?" त्यांनी विचारलं. उपरोध नाही, काही नाही. त्यांना असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"चेंडू आमच्या गोलकडे आला की गप्प बसायचं! एवढं जमेल का पुण्याला?"

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा काका स्टँडच्या मध्यभागी बाकावर उभे होते. हातात बिस्किटांच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. त्यावर मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं होतं :

'गोलकीपर बोलत असताना मध्ये बोलू नये. आपणांस जास्त कळत असल्यास घरी जाऊन सांगावे.'

चेंडू आमच्या बाजूला आला की पाटी वर. पलीकडे गेला की खाली, आणि मग असा गलका की पत्रे हलावेत. सुरुवातीला कुणी ना कुणी चुकायचं, मग आजूबाजूचेच त्याच्याकडे असं बघायचे की तो पुढे श्वासही हळू घेई. पूनम मोकळी झाली. राऊ दे, चेंडू रेमीकडे. काढ, चेंडू लांब. पंजाबच्या मुलीला सरांनी हातानंच खाली बस म्हणून खुणावलं. कोपऱ्यातून मारलेल्या एका कॉर्नरवर पूनमच पुढे गेली आणि चेंडू असा डोक्यानं मारला की जाळी फुगली. बरोबरी! आणि शेवटाकडे आमच्या पुढच्या फळीतल्या मणिपूरच्या मुलीनं दोघींना चकवून दुसरा घातला. मी सरांच्या गळ्यात पडले. सर अवघडून म्हणाले, "अजून संपलेलं नाही." संपलेलं नव्हतंच.

शेवटचा कॉर्नर त्यांना मिळाला. त्यांची कीपरसुद्धा आमच्या गोलपुढे येऊन उभी राहिली. आत नुसती खेचाखेच. काकांची पाटी वर गेली. आणि पुणेकर गप्प बसले. सगळेच्या सगळे. शेंगदाणेवाला टोपली घेऊन पायरीवर तसाच उभा. लांबून रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या.

चेंडू आला. उंच, वळणारा, सगळ्यांच्या डोक्यावरून. पूनम उडी घ्यायला वाकली. तिचं डोकं लागलं असतं तर चेंडू कुठे जाईल याचा नेम नव्हता.

"राऊ देऽऽ!"

हा आवाज त्या मुलीत कुठे लपला होता, देव जाणे. मला वाटलं, स्टँडवरूनच कुणी ओरडलं. पूनम जागच्या जागी खाली बसली. नुसती थांबली नाही, डोकं दोन्ही हातांनी झाकून बसली. तिच्या वरून रेमी गेली आणि दोन्ही हातांत चेंडू घेऊन जमिनीवर आली. तो तिनं पोटाशी असा धरला की कुणी हात लावायची हिंमत केली नाही. शिट्टी वाजली. माझा जीव भांड्यात पडला. मग जे काही झालं ते सांगता येत नाही. काकांची पाटी हवेत गेली ती परत सापडलीच नाही.

मी सरांना म्हटलं, "काय सर, कीपर बदलायची होती ना?"

सर चष्मा पुसत होते. "राहू दे," म्हणाले.

पुढे मुख्य फेरीत आम्ही एक जिंकलो आणि बाकीचे हरलो. रेमीचं वय उलटलं, ती त्या संघातून गेली. कधीतरी फोन करते. फोनवर अजून हळूच बोलते, 'जरा मोठ्यानं' म्हटलं की हसते. त्या वर्षी पेपरात आमची ओळ कोपऱ्यात नव्हती, फोटोसकट वर होती. दामलेकाकांनी ती कापून मला आणून दिली आणि म्हणाले, "आता सवय मोडलीत, तर पुढच्या वर्षी अपेक्षा ठेवावी लागेल. ताप आहे नुसता."

पण त्या दिवशीचं एक राहिलं. मुली मैदानाला फेरी मारत होत्या, स्टँडवरून लोक खाली उतरायला लागले होते. त्या गर्दीतून आप्पा सावकाश कठड्याशी आले. हातात तांब्या.

"शैले, मघाशी काय झालं होतं गं?" ते म्हणाले. "एकदम सगळं शांत. मला वाटलं, राहिलेला कानही गेला. घाबरलो मी."

"नाही आप्पा, लोक गप्प बसले होते."

"हां, तेच. आणि मग ती ओरडली ना. तेव्हा जीवात जीव आला."

"कोण ओरडली?"

"ती बारकी पोरगी. एवढी शहाणी, इतके दिवस कशी मागेना कोण जाणे." त्यांनी तांब्याचं झाकण काढलं आणि कठड्यावरून तो रेमीच्या दिशेनं पुढे केला. "दे, दे म्हणून ओरडत होती. पाणी हवंय तिला. दे की लवकर."

मी रेमीला हाक मारली. ती धावत आली, आप्पांकडे बघून थबकली, मग दोन्ही हातमोजे काढून तिनं तांब्या घेतला आणि तोंडाला लावून सगळा रिकामा केला.